वंशावळ : दस्तऐवज, स्मृती आणि मराठी विभागाचे काम

मागच्या पावसाळ्यात पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने माझ्याकडे जी मदत मागितली, ती मराठीच्या अध्यापकाकडे सहसा कोणी मागत नाही. त्याला वंशावळ लिहून हवी होती. जात वैधता प्रमाणपत्राच्या अर्जासोबत शपथपत्रावर जोडावयाची वंशावळ. त्याच्याकडे एक छापील नमुना होता. त्यात अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा अशा उतरत्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेपुढे नाव व पुराव्याचा क्रमांक लिहिण्यास जागा होती. धानोरा तालुक्यातील त्याच्या गावी आम्ही त्याच्या आजीला विचारावयास गेलो तेव्हा तिने आरंभ अर्जदारापासून केला नाही. तिने आरंभ केला तो कुळाच्या देवापासून. पुढे कोणता भाऊ कोणत्या नाल्याच्या काठाने कोणत्या गावी गेला, कोणाच्या घरची मुलगी कोणाकडे आली, कोण घरजावई म्हणून सासऱ्याच्या शेतावर राहिला, असे करीत करीत दोन तासांनी ती नातवापर्यंत येऊन पोहोचली. नमुन्यात चार ओळी होत्या. आजीच्या सांगण्यात चाळीसाहून अधिक माणसे होती आणि त्यांतली निम्मी स्त्रिया होत्या.

हा प्रसंग या पानांवर सांगण्यास कारण आहे. वंशावळ हा महसूल खात्याचा, फार तर समाजशास्त्राचा विषय आहे. मराठी विभागाचा त्याच्याशी संबंध नाही, अशी माझी स्वतःची बरीच वर्षे समजूत होती. ती चुकीची होती असे आता वाटते. का, ते मांडण्याचा प्रस्तुत टिपणात प्रयत्न करावयाचा आहे.

मराठी गद्याचा इतिहास शिकविताना आपण वंशावळीपासूनच सुरुवात करतो, फक्त तसे म्हणत नाही. बखरींच्या आधी आणि बखरींच्या बरोबरीने जे गद्य लिहिले गेले, त्यातला मोठा भाग वतनाच्या तंट्यांतून आलेला आहे. करीना, महजर, कैफियत, थळपत्र ही नावे आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. करीना म्हणजे काय, तर आपल्या घराण्याकडे वतन कसे आले, कोणत्या पिढीत कोणी ते भोगिले, मध्येच कोणी बळकाविले, याची क्रमवार हकिकत. जेधे करीना हा त्याचा सर्वपरिचित नमुना. रोहिडखोऱ्याच्या देशमुखांच्या घरातील माणसे त्यात वंशक्रमाने उभी राहतात आणि त्यांच्या मागे शहाजी-शिवाजींचा काळ दिसतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढल्यापासून घराघरांतील दप्तरे उघडली गेली, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि जुने कागद राखणे हे सुशिक्षित मराठी माणसाचे कर्तव्य मानले जाऊ लागले. पुढे कुलवृत्तान्तांची लाट आली. एकेका आडनावाचे जाडजूड ग्रंथ निघाले. त्यांत घराण्यांचे वृक्ष आहेत, शाखांना क्रमांक आहेत, बडोद्यास किंवा इंदुरास गेलेल्या शाखांचेही पत्ते आहेत. मुलीच्या नावापुढे सासरचे नाव घातले की रेघ संपते, ही त्यातील मर्यादा. पण हे काम मोठे आहे यात शंका नाही.

मात्र ही सारी परंपरा कागदाच्या पाठीशी असलेल्या मालमत्तेतून निर्माण झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. जेथे वतन होते तेथे तंटा होता, जेथे तंटा होता तेथे महजर होता. ज्यांना वतन नव्हते त्यांची वंशावळ लिहिण्याचे कोणाला कारण पडले नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तेच. त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार येथील उपाध्यायांनी यात्रेकरूंची नामावळ पिढ्यान्‌पिढ्या राखली. हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्था पुढे आली, इतके त्यांचे मोल जगाने ओळखले आहे. पण एटापल्लीचा माडिया काशीस गेला नाही. त्याचे नाव कोणत्याही उपाध्यायाच्या वहीत नाही.

चांद्याच्या मुलखात लिखित वंशावळ कोणाची सापडते, ते पाहण्यासारखे आहे. १८५३-५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन हा प्रदेश इंग्रजांकडे आला. मेजर ल्युसी स्मिथ या बंदोबस्त अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा १८६९ चा अहवाल लिहिला. त्यात गोंड राजांची यादी आहे, खांडक्या बल्लाळशाह, हिरशाह, बाबाजी बल्लाळशाह, बीरशाह, थेट १७५१ मध्ये भोसल्यांनी पदच्युत केलेल्या नीलकंठशाहापर्यंत. यादीतल्या सुरुवातीच्या राजांचे कालनिर्देश आज अभ्यासक स्वीकारीत नाहीत, पण यादी आजही स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांतून तशीच उतरविली जाते. राजांच्या खालोखाल जमीनदारांची घराणी आहेत. अहेरी त्यांत सर्वांत मोठी. शिवाय गेवर्धा, खुटगाव, रांगी, मुरमगाव, पळसगड, पोटेगाव इत्यादी. ज्या बाबुराव शेडमाकेंना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, तेही मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले, म्हणून त्यांच्या पित्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या बरोबर लढलेल्या सामान्य गोंडांच्या पित्यांची नावे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत.

तरीही वंशाची स्मृती या प्रदेशात नव्हती असे नाही. ती कागदावर नव्हती, इतकेच. आणि येथे एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे मराठीच्या अभ्यासकांनी इतकी वर्षे दुर्लक्ष करावे याचे मला आश्चर्य वाटते. राजुरा, जिवती, कोरपना या भागातील आणि सीमेपलीकडे आदिलाबादकडील राजगोंडांच्या वंशकथा ज्यांनी राखल्या ते परधान. प्रत्येक गोंड घराण्याचा ठरलेला परधान असतो. तो किंगरीवर कुळाची उत्पत्ती, देव आणि पूर्वज यांची गाथा गातो. मर्तिकाच्या आणि देवकार्याच्या प्रसंगी त्याच्याशिवाय चालत नाही. यजमानाकडून त्याला धान्य, वस्त्र, क्वचित जनावर मिळते. गोंड कुळे चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येने बांधलेल्या गटांत, म्हणजे सगांत विभागलेली असतात आणि एका सगात विवाह होत नाही. तेव्हा कोण कोणत्या सगातला हे नेमके सांगणारा मनुष्य म्हणजे त्या समाजाचे चालते दप्तरच. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादेत राहून या गाथा ऐकल्या आणि १९४८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीच नोंदविले आहे की हे परधान गाथा गोंडीत गातात, पण त्यांची घरची भाषा मराठी आहे.

या एका वाक्यावर खरे तर एक प्रबंध व्हावयास हवा होता. मराठी बोलणाऱ्या माणसांनी दुसऱ्या भाषेतील दुसऱ्या समाजाची वंशस्मृती शतकानुशतके तोंडपाठ ठेवली. भाषा एकाची, पूर्वज दुसऱ्याचे, आणि सांभाळणारा तिसराच कोणी नाही, तोच. आपण मात्र मराठी लोकवाङ्मयाच्या अभ्यासात वासुदेव, गोंधळी, भाट यांच्यापाशी थांबलो. परधान गोंडीत गातो म्हणून तो मराठीचा नाही आणि मराठी बोलतो म्हणून तो गोंडीच्या अभ्यासकाचा पूर्णपणे नाही. दरम्यान परधानांची तरुण पिढी शिकली, शिक्षक झाली, कारकून झाली. यजमानाच्या दारी जाऊन गाणे त्यांना मागून खाण्यासारखे वाटू लागले, आणि त्यात त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यासारख्या पगारी माणसांना नाही. माझ्या परिचयातील एका वृद्ध परधानाच्या घरी किंगरी भिंतीला टांगलेली आहे. तिच्या तारा गेल्या आहेत. नातू नोकरीनिमित्त शहरात आहे. आजोबांनी त्याला गाथा शिकविली नाही, कारण त्याने मागितली नाही.

भामरागडकडच्या माडियांमध्ये परधान नाही. तेथे हे काम गावच्या वडीलधाऱ्यांकडे आणि पेरम्याकडे असते. गावाबाहेर मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड असतात. दगड कोणाचा हे सांगता येणारी माणसे जिवंत असेपर्यंत ती एक प्रकारची नामावळच असते. कोण दादाभाई, म्हणजे भाऊबंदकीतला, आणि कोण अकोमामा, म्हणजे ज्याच्याशी सोयरीक होऊ शकते असा, हे ज्ञान लहान मुलालाही असते. प्रमाण मराठीत ‘सगा’ म्हणजे रक्ताचा. गोंडीतील सगा म्हणजे देवसंख्येने जोडलेल्या कुळांचा समूह. ‘सगेसोयरे’ हा शब्द गेल्या दोन-तीन वर्षांत राजकारणात फार गाजला. त्यावर न्यायालयात कधी काय ठरेल ते ठरो, पण हा शब्द निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या रेघा ओढतो, हे सांगण्याचे काम भाषेच्या माणसाचे होते. ते कोणी केले नाही.

आता शासन जो कागद मागते त्याकडे वळू. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राचा जातप्रमाणपत्र पडताळणीचा कायदा २००० सालचा, अंमल ऑक्टोबर २००१ पासून. त्याच्या आठव्या कलमाने सिद्धतेचा भार दावेदारावर टाकला. त्याआधी १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली होती. यामागचे कारणही दुर्लक्षिण्यासारखे नाही. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा घेतल्या गेल्या हे सत्य आहे, आणि पडताळणी नको असे आमच्या भागातील कोणताही आदिवासी कार्यकर्ता म्हणत नाही. प्रश्न असा की खऱ्या माणसाने १९५० पूर्वीचा कागद आणावा कोठून? तो आणतो कोतवाल बुकातून, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखातून, बंदोबस्ताच्या मिसलीतून, जुन्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमधून. आणि हे कागद व अर्जदार यांना जोडणारा एकमेव दोर म्हणजे वंशावळ. कोतवाल बुकातला अमुक हा माझा पणजा, हे वंशावळ सांगते. शिवाय पितृकुळातील एखाद्या रक्तनातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर तिचा आधार इतरांना घेता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात म्हटल्यापासून वंशावळीवर आणखीच भार आला आहे.

कोतवाल बुक हा ग्रंथ म्हणून मी येथे विचारात घेतो. मध्य प्रांतात गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर न्यावयाची आणि ती नोंदवून आणावयाची अशी रीत होती. कोतवाल बहुधा स्वतः लिहिणारा नसे. म्हणजे गोंड बाईने गोंडीत सांगितलेले नाव कोतवालाने झाडीबोलीत ऐकले, काही दिवसांनी ठाण्यावर जाऊन ते सांगितले, आणि तेथल्या मोहरिराने आपल्या कानाला आणि हाताला जसे जमेल तसे लिहिले. मोहरीर कधी नागपूरकडचा मराठी, कधी हिंदी मुलखातला. तीन तोंडांतून आणि एका बोरूतून आलेला हा शब्द. आडनाव त्यात बहुतेक नसतेच. बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी, इतकेच. गोंडांमध्ये वारावरून नाव ठेवण्याची चाल असल्याने एकाच गावात सोमा, मंगरू, बुधू, शुक्रू किती असतील याची कल्पना करावी. आणि आत्राम, मडावी, सिडाम, कोडापे ही नावे मुळात कुळांची; ती आडनाव म्हणून पुढे शाळेत दाखल झाल्यावर कायमची चिकटली.

आमच्या विद्यार्थ्याच्या पणजोबाचे नाव तीन कागदांत तीन प्रकारे होते. नाव येथे देत नाही. मंगरूचे मंगऱ्या आणि मंगऱ्याचे मंगल व्हावे त्या जातीचा तो फरक होता. एका ठिकाणी जात गोंड, दुसऱ्या ठिकाणी राजगोंड. कार्यालयातील तपासणाऱ्या माणसाने प्रत्येक फरकाखाली लाल रेघ मारली होती. त्या लाल रेघा पाहताना मला ओळखीचे काहीतरी दिसत होते, पण काय ते लगेच सुचेना. नंतर लक्षात आले: हे पाठभेद आहेत. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील, महानुभावांच्या सकळ लिपीतून उतरविलेल्या ग्रंथांतील पाठभेद कसे निर्माण होतात, लेखकु कोठे चुकतो, कोठे ‘दुरुस्त’ करतो, ऐकून लिहिताना कोणते वर्ण बदलतात, पाहून लिहिताना कोणते, हे आपण वर्षानुवर्षे शिकवितो. पाठचिकित्सेचा पहिला धडा असा की भेद आढळला म्हणून पोथी खोटी ठरत नाही. उलट सर्व प्रतींत अक्षर अन्‌ अक्षर सारखे असेल तर संशय घ्यावा. पडताळणीच्या टेबलावर याच्या उलट धडा चालतो. तेथे सारखेपणा म्हणजे सत्य आणि भेद म्हणजे लबाडी. ज्याने सर्व कागद एकाच दिवशी एकाच माणसाकडून तयार करून घेतले त्याची नावे कोठेच बदलणार नाहीत. ज्याचे कागद खरोखर नव्वद वर्षांत निरनिराळ्या हातांनी लिहिले गेले, त्याची बदलतील. हे म्हणणे सोपे आहे आणि सिद्ध करणे अवघड, याची मला जाणीव आहे. पण ते सिद्ध करण्याची साधने विद्यापीठात कोणाकडे असतील तर ती भाषेच्या विभागाकडे आहेत.

एका शब्दाने किती होते याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. ‘माना’ ही गोंडांतील पोटशाखा की स्वतंत्र जमात, या वाचनावर चंद्रपूर-गडचिरोलीतील कितीतरी घरांचे भवितव्य लोंबकळत होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्वतंत्र जमात असल्याचे म्हटले. ‘गोंडगोवारी’ आणि ‘गोवारी’ यांतील अंतराचा प्रश्न तर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात ११४ माणसांचे प्राण घेऊन गेला, आणि २०२० च्या निकालानंतरही तो समाजाच्या मनातून गेलेला नाही.

अडचण केवळ लेखनाची नाही, सरहद्दीचीही आहे. हा प्रदेश इतक्या वेळा तोडला-जोडला गेला की एका घराण्याचे कागद चार राज्यांत सापडावेत. १९०७ च्या सुमारास अंबागड चौकीची जमीनदारी चांद्यातून नव्या दुर्ग जिल्ह्यात गेली. ती आज छत्तीसगडमध्ये आहे. सिरोंच्याकडील नुगूर, अल्बाका, चेर्ला हे भाग त्याच सुमारास मद्रास इलाख्याला जोडले गेले. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता; १९५६ मध्ये तो नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. राजुऱ्याच्या माणसाचे जुने कागद त्यामुळे उर्दूत, सिरोंच्याच्या माणसाचे तेलुगूत, आणि मध्य प्रांतातल्यांचे मराठी-हिंदीत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हाही दप्तरे विभागली गेली. १९७६ च्या दुरुस्तीने जमातींवरील क्षेत्रबंधन उठले, पण कागदांवरील क्षेत्रबंधन कोण उठविणार? नदीपलीकडच्या भावाची वैधता झालेली आहे आणि नदीअलीकडचा भाऊ त्याच्याशी असलेले नाते सिद्ध करू शकत नाही, असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. (चामोर्शी-मुलचेरा भागात वसविलेल्या बंगाली निर्वासितांची कथा याहून निराळी. त्यांची वंशावळ ज्या गावांत लिहिलेली असेल ती गावेच दुसऱ्या देशात राहिली. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

जंगलाच्या हक्काच्या बाबतीत कायदा थोडा अधिक समंजस आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ मध्ये जे नियम झाले त्यांतील तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तीत जुन्या अभिलेखातील व्यक्तींपर्यंत पोहोचणारी वंशावळ हा पुरावा मानला आहे, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथनही. म्हणजे आजीने सांगितलेले दोन तास येथे पुरावा होऊ शकतात, जर ते कोणी लिहून घेतले असतील तर. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, दाखवावी लागतात. तेथे ढिवर, कुणबी, दलित कुटुंबांची वंशावळही तितकीच निकडीची होते. मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला तेव्हा त्यामागे गावाने वर्षानुवर्षे स्वतः केलेला अभ्यास होता. तो दावा गावाचा होता, एकेका कुटुंबाचा नव्हे. परंतु आपले दप्तर आपण राखावे ही त्यांची सवय येथे अनुकरणीय आहे.

आता जतनाविषयी आणि त्याहून नाजूक अशा देवघेवीविषयी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभरातील तहसील कार्यालयांचे बस्ते उघडले गेले. मोडी वाचणारे शोधले गेले, लक्षावधी पाने तपासली गेली, प्रतिमा काढल्या गेल्या. त्यामागील मागणीविषयी मतभेद असोत, पण इच्छा असली तर काही महिन्यांत काय होऊ शकते हे तेव्हा दिसले. तशी निकड कोतवाल बुकांच्या आदिवासी नोंदींविषयी कोणाला वाटलेली मला दिसत नाही. एका कार्यालयात मला दाखविलेल्या कोतवाल बुकाच्या पानांचा खालचा कोपरा वाळवीने नेमका बापाच्या नावाच्या रकान्यापर्यंत खाल्ला होता. संबंधित कर्मचाऱ्याने त्याची नक्कल देताना ‘फाटलेले’ असा शेरा मारून दिला. त्याचे काम तेथे संपले.

परंतु सारे छापून टाका, सारे खुले करा, असेही मला म्हणावयाचे नाही. येथे माझ्या काही मित्रांशी माझा मतभेद आहे. वंशावळ म्हणजे केवळ पूर्वजांचे कौतुक नव्हे. तीत कोण पाटाची, कोण पळवून आणलेली, कोणाचे मूल कोणाच्या घरी वाढले, कोण जातीबाहेर टाकला गेला, हेही असते. गावात ते सर्वांना ठाऊक असते आणि त्यावर कोणी बोलत नाही. तेच कागदावर आले आणि शहरातल्या वकिलाच्या हाती पडले की जमिनीच्या वाटणीत शस्त्र होते. गडचिरोलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १९८० नंतर या जिल्ह्यात गावकऱ्यांच्या नावांची यादी ही निरुपद्रवी वस्तू राहिली नाही. कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा मेव्हणा, ही माहिती बंदुकीच्या दोन्ही बाजूंना हवी होती. वही उघडून नातीगोती विचारणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात, त्यात त्यांचे अज्ञान नाही, अनुभव आहे. पहिल्या फेरीत आम्हाला एका गावाने सरळ परत पाठविले. दुसऱ्या वेळी ग्रामसभेपुढे जाऊन काय लिहिणार, कोठे ठेवणार, कोणाला दाखविणार हे सांगितले, तेव्हा बसावयास चटई मिळाली.

त्यातून आमची एक पद्धत बनत गेली. ती अंतिम आहे असा दावा नाही. कथन जसे झाले तसे लिहावयाचे. गोंडी शब्द गोंडीच ठेवावयाचे. नाव ऐकले तसे एका रकान्यात आणि कागदात सापडले तसे दुसऱ्या रकान्यात, एकाने दुसऱ्याला दुरुस्त करावयाचे नाही. स्त्रियांच्या बाजूची नाती पुरुषांच्या इतक्याच तपशिलाने घ्यावयाची. तीन प्रती. एक कुटुंबाकडे, एक ग्रामसभेकडे, एक विभागाच्या कपाटात. विभागातील प्रत कुटुंबाच्या संमतीवाचून कोणाला दाखवावयाची नाही आणि हयात व्यक्तींची पाने तर मुळीच नाही. परधान गायला तर त्याला त्याच्या यजमानाने दिले असते तितके मानधन द्यावयाचे. आणि ध्वनिमुद्रिकेची पहिली प्रत त्याची. अनेक संशोधक गाथा घेऊन गेले आणि परत आले नाहीत, हे त्याच्या तोंडून मी ऐकले आहे. त्या यादीत आपले नाव जाऊ नये.

एका कुळाच्या बाबतीत परधानाची गाथा आणि कोतवाल बुक यांत एक अख्खी पिढी कमीअधिक निघाली. बुकाप्रमाणे जो बाप, तो गाथेप्रमाणे आजोबा. आम्ही कुटुंबाला विचारले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता परधानाला खरे मानले. एक विद्यार्थिनी म्हणाली, सर, मग अर्जात काय लिहावयाचे? मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही. दोन्ही पाने वहीत समोरासमोर लावली आहेत.

विद्वान सहकाऱ्यांचा आक्षेप असेल की हे वाङ्मय नव्हे. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते की मग महजर अभ्यासक्रमात कसा? आमच्या पदव्युत्तर परीक्षेस दरवर्षी लघुप्रबंध येतात. त्यांतले बरेचसे त्याच चार-पाच कादंबरीकारांवर असतात, आणि मागच्या वर्षीचे परिशिष्ट या वर्षीचे प्रकरण होऊन येते, हे परीक्षक म्हणून सर्वांना माहीत आहे. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ झाले. त्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या गावांतून येतात त्याच गावांची ही दप्तरे आहेत. एका विद्यार्थ्याने एका गावाच्या कोतवाल बुकाची दहा वर्षांची पाने संपादित करावी. नामविकृतींची सूची करावी. झाडीबोलीतील उच्चार आणि मोहरिराचे लेखन यांचा संबंध दाखवावा. असा एक लघुप्रबंध झाला तर पडताळणी समितीपुढे पुढच्या अर्जदाराला तो दाखविता येईल. जमातीची ओळख पटविण्यासाठी चालीरीती विचारण्याची जी कसोटी होती ती निर्णायक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे जुन्या कागदाचे वजन वाढले आहे आणि तो कागद वाचता येणाऱ्याचेही वाढावयास हवे.

आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज दाखल झाला. शपथपत्रावर छापील नमुन्याप्रमाणे चार पुरुषांची नावे लिहिली. आजीच्या आग्रहामुळे दुसऱ्या पानावर तिच्या माहेरची बाजू, तिच्या नणंदा आणि त्यांची गावे लिहून ते पान जोडले होते. खिडकीवरच्या माणसाने टाचणी काढून ते परत दिले. ते लागत नाही म्हणाला. त्याचे बरोबर होते. पान आता विभागातल्या वहीत चिकटविले आहे. आजीने त्यात एक दुरुस्ती सांगितली आहे. तिच्या थोरल्या नणंदेचे गाव चुकले आहे, ते नदीपलीकडचे. धानाची कापणी झाली की पुन्हा जावयाचे ठरले आहे.